लॅस्टिंगहॅम : एका गावाचे नाव आणि त्याचा जन्म

गावाच्या नावात त्याचा पूर्वेतिहास दडलेला असतो. नावाच्या अखेरीस ‘वाडी’ आली की आपण लहान वस्ती ओळखतो, ‘पूर’ आले की नगर. इंग्लंडातील गावांचेही तसेच आहे. तेथे उत्तर यॉर्कशायरच्या माळरानाच्या कडेला लॅस्टिंगहॅम नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याच्या नावाची व जन्माची हकीकत श्रद्धावंत कुटुंबांनी जाणून घ्यावी अशी आहे, म्हणून ती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

संत बीड यांनी इ. स. ७३१ मध्ये इंग्लंडातील ख्रिस्तसभेचा इतिहास लिहून पूर्ण केला. त्यात या स्थळाचे नाव ‘लॅस्टिंगाएउ’ असे आले आहे. लॅस्टा नावाच्या कोणा पुरुषाचे वंशज किंवा अनुयायी ते ‘लॅस्टिंग’, असे नामाभ्यासक मानतात. ‘एउ’ म्हणजे बेट. परंतु ओलसर भूमीतील कोरड्या उंचवट्यासही जुन्या इंग्रजीत हाच शब्द लावीत. पुढे १०८६ साली विल्यम राजाने करविलेल्या जमिनींच्या मोजदादीत हेच नाव ‘लेस्टिंगेहॅम’ असे नोंदले गेले. ‘हॅम’ म्हणजे घर, वस्ती. साडेतीन शतकांत बेटाचे घर झाले!

ते कसे वसले? सातव्या शतकाच्या मध्यास एथेलवाल्ड राजाने महागुरू संत चेड यांस मठासाठी जमीन देऊ केली. चेड यांनी निवडलेली जागा दुर्गम डोंगरांतली होती. चोरांनी व श्वापदांनीच राहावे अशी, असे संत बीड म्हणतात. बांधकामापूर्वी ती भूमी प्रार्थनेने व उपवासाने शुद्ध करावी, असा चेड यांनी निश्चय केला. संपूर्ण प्रायश्चित्तकाळात रविवार वगळता ते सायंकाळपर्यंत काही खात नसत. आणि मग थोडी भाकरी, एक अंडे व पाणी मिसळलेले किंचित दूध, एवढेच घेत. दहा दिवस उरले असता राजाचे बोलावणे आले. तेव्हा त्यांचे धर्मगुरू बंधू किनिबिल यांनी तो उपवास पूर्ण केला. एका भावाचे व्रत दुसऱ्याने तडीस नेले, आणि मग मठ उभा राहिला.

६६४ साली देशात महामारी पसरली. मठाच्या भेटीस आलेले चेड तेथेच आजारी पडून निवर्तले. मठाची धुरा त्यांचे बंधू संत चाड यांजकडे आली. ही वार्ता ऐकून पूर्व सॅक्सनांच्या प्रांतातून सुमारे तीस मठवासी आपल्या आध्यात्मिक पित्याच्या देहाजवळ जगावे वा मरावे म्हणून आले. त्यांतला एक लहान मुलगा सोडून सारे महामारीस बळी पडले. त्या मुलाचा बाप्तिस्माच झालेला नव्हता, हे पुढे त्याच्या ध्यानी आले. बाप्तिस्मा घेऊन तो कालांतराने धर्मगुरू झाला व अनेकांच्या उपयोगी पडला. चेड यांच्या मध्यस्थीनेच तो वाचला, अशी संत बीड यांची श्रद्धा होती.

पुढे १०७८ च्या सुमारास मठाधिपती स्टीफन यांनी येथे दगडी तळघर-मंदिर बांधावयास घेतले. त्याचे जाड, बुटके खांब आजही गावच्या मंदिराखाली उभे आहेत.

हे सारे आपणांस कसे कळले? चेड व चाड यांची हकीकत आपण लॅस्टिंगहॅमच्या मठवासीयांकडून जाणून घेतली, असे संत बीड यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. वडीलधाऱ्यांनी पाहिले ते त्या मठवासीयांनी जपले, आणि विचारणारा आला तेव्हा खरेखरे सांगितले. त्यांनी मौन पाळले असते, तर त्या मुलाचा बाप्तिस्मा व त्या भावांचा उपवास काळाच्या उदरात गडप झाला असता. उरले असते ते केवळ नाव.

वाचकहो, आपल्या गावचे पहिले क्रूस कोणी उभारले, पहिले मंदिर कोणाच्या श्रमाने झाले, हे सांगणारे वृद्ध घरात असतील तर त्यांस आजच विचारा, आणि त्यांचे शब्द लिहून ठेवा.