नवी गाडी : रास्त अपेक्षा आणि संयमी तक्रार

घराखालोखाल मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी बहुधा मोटारगाडीचीच असते. दसरा, धनत्रयोदशी किंवा गुढीपाडव्याचा मुहूर्त साधून, हार घालून, चाकांखाली लिंबे ठेवून गाडी घरी आणली जाते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दरवाजातून खडखड ऐकू आली, तर ‘एवढे पैसे मोजून हेच का मिळाले?’ असा उद्वेग होणे स्वाभाविक आहे.

गाडी हजारो सुट्या भागांची बनलेली असते आणि ते भाग अनेक कारखान्यांतून आलेले असतात. अमेरिकेत १९८७ पासून होत असलेल्या जे. डी. पॉवर संस्थेच्या पाहणीत पहिल्या ९० दिवसांत मालकांना आलेल्या अडचणी दर १०० गाड्यांमागे मोजल्या जातात. एकही अडचण नाही, अशी कामगिरी त्यात कोणत्याही कंपनीला साधलेली नाही. म्हणून ‘दोष असणारच नाही’ या अपेक्षेपेक्षा ‘दोष आढळल्यास तो वेळेत आणि विनामूल्य दूर व्हावा’ ही अपेक्षा अधिक रास्त ठरते.

मात्र सर्व दोष एका तागडीत तोलता येत नाहीत. रंगावरील ओरखडा वा सैल झाकण ही किरकोळ बाब होय. ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग यांतील दोषाबाबत मात्र तडजोड नको. अशा दोषांसाठी गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला दिला आहे.

ताबा घेताना

मुहूर्ताच्या घाईत तपासणी राहून जाते, आणि वादाचे मूळ अनेकदा तेथेच असते. गाडी शक्यतो नोंदणीपूर्वी आणि दिवसाच्या उजेडात पाहावी. चासी क्रमांकाची १७ अक्षरे व अंक बीजकाशी आणि विमापत्राशी ताडून पाहावेत. उत्पादनाचा महिना, किलोमीटरची नोंद, टायर, काचा, दिवे, वातानुकूलन यंत्रणा आणि जादा चाक तपासावे. काही उणीव दिसल्यास ती ताबापावतीवर लिहून घ्यावी आणि मगच स्वाक्षरी करावी.

आवाज नव्हे, नोंद

तक्रार करताना संयम सुटतो, तेव्हा नुकसान तक्रारदाराचेच होते. सेवा केंद्रातील पर्यवेक्षकाने गाडी बनवलेली नसते. त्याच्यावर ओरडल्याने दोष दूर होत नाही, उलट मूळ मुद्दा बाजूला पडून वागणुकीचीच चर्चा होते. कधी तक्रारदारालाही कटू शब्द ऐकावे लागतात. त्याच गाडीचे इतर मालक ‘आमची गाडी तर उत्तम चालते, तुम्हालाच चालवता येत नाही’ असे हिणवतात. आपल्या निवडीवर कुणी बोट ठेवलेले अनेकांना सहन होत नाही. परंतु एका गाडीच्या उत्तम चालण्याने दुसरी निर्दोष ठरत नाही. अशा वादात शक्ती खर्ची न घालता कागद जमवावेत, हे उत्तम.

प्रत्येक भेटीत जॉब कार्डावर दोष स्वतःच्या शब्दांत लिहवून घ्यावा. ‘गाडी बिघडली’ असे मोघम न लिहिता ‘थंड इंजिन सुरू करताना दुसऱ्या गिअरमध्ये धक्का बसतो’ असे नेमके लिहावे. तारीख, किलोमीटर व बदललेले भाग नोंदवावेत. एकच दोष तीनदा नोंदलेला असेल, तर ती कागदपत्रेच बोलतात.

कायद्याचा आधार

वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचीच अट असेल, तर तिच्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मधील एका निर्णयात स्पष्ट केले. ग्राहक आयोग मात्र दोष सिद्ध झाल्यास वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल मोलाचा ठरतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाद मागावी लागते. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे जावे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

हप्ता थांबवू नये

संतापाच्या भरात काही कर्जदार ‘गाडी दुरुस्त होईपर्यंत हप्ता भरणार नाही’ अशी भूमिका घेतात. वाहनकर्जाचा करार बँकेशी असतो, विक्रीचा करार विक्रेत्याशी. एकाचा वाद दुसऱ्यावर ढकलता येत नाही. हप्ता थकल्यास दंड पडतो, पतगुणांक घसरतो आणि पुढील गृहकर्जाच्या वेळी त्याची किंमत मोजावी लागते. विक्रेत्याचे मात्र काहीच बिघडत नाही. अडचण असल्यास शाखेत येऊन वेळीच बोलावे.

हप्ते नियमित, कागद व्यवस्थित आणि भाषा संयत असेल, तर ग्राहकाची बाजू आयोगासमोरही भक्कम राहते.