नियम बदलला, हे सांगायचं नाही

टेबलावर चार पत्ते मांडलेले: एक लाल त्रिकोण, दोन हिरव्या चांदण्या, तीन पिवळ्या फुल्या, चार निळी वर्तुळं. हातातला प्रत्येक पत्ता यांपैकी एकाखाली लावायचा. कशावरून, ते आम्ही सांगत नाही. आम्ही फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतो. रंगावरून सलग १० बरोबर आले की गुपचूप नियम फिरवायचा. आता आकार, पुढे संख्या. डेव्हिड ग्रँट आणि एस्टा बर्ग यांची ही १९४८ची ‘विस्कॉन्सिन’ चाचणी मी कित्येक वर्षं घेते आहे.

एक काका रेल्वे मेल सर्व्हिसमधून (आरएमएस) निवृत्त झालेले सॉर्टर होते. मेंदूच्या पुढच्या भागात रक्तस्राव होऊन गेलेला. नातेवाइकांना आत बसवत नाही आम्ही, पण काका एकटे बसेनात, म्हणून काकू कोपऱ्यात. अंगठा जिभेला लावून पत्ता सोडवायची ती ढब! या हातांनी आयुष्यभर टपाल लावलं होतं. रंगाचे दहा झपझप लागले.

अकरावाही रंगावर गेला. “चूक.” काका थबकले. बारावा रंगावर. “चूक.” तेरावाही तिथंच.

“अहो, त्या चूक म्हणतायत ना!” काकूंना राहवेना.

“ऐकतोय मी.” आणि पुढचा पत्ता हिरव्याखाली नेता नेता स्वतःच पुटपुटले, “हाही चुकणार.” ठेवला मात्र तिथंच.

‘काका, आकार बघा’ हे अशा वेळी माझ्या ओठांवर येतं. पण एक शब्द निसटला की चाचणी वाया. ‘चूक’सुद्धा सपाट सुरात म्हणायचा सराव करावा लागतो; आवाज जरा मऊ झाला की माणूस पत्ते सोडून माझा चेहरा वाचू लागतो.

मॉन्ट्रियलला ब्रेंडा मिल्नर यांनी अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांना हेच पत्ते दिले होते. त्यांचा निबंध १९६३चा. फ्रंटल लोबचा, म्हणजे मेंदूच्या याच पुढच्या भागाचा, तुकडा काढलेली माणसं जुन्या नियमाला चिकटून राहत, आणि काही जण आपण चुकतोय हे तोंडानं सांगतही असत. निरोगी मेंदूत हा नकार फार लवकर पोचतो: ‘चुकलं’ असा इशारा मिळाल्यावर साधारण पाव सेकंदात ईईजीवर ऋण लाट उमटते, हे १९९७ साली दिसलं. काकांपर्यंतही शब्द पोचत होता, अर्थही पोचत होता. हात तेवढा मागे येत नव्हता. हट्टीपणा म्हणू नका त्याला. घरी काकू तेच म्हणत आल्या होत्या.

१२८ पत्ते संपले. काकांनी गठ्ठा टेबलावर दोनदा आपटून कडा सारख्या केल्या आणि माझ्याकडे सरकवला.

“बाई, सुरुवातीचे तरी बरोबर होते ना?”

“पहिले दहा एकदम बरोबर होते, काका.”

त्यांनी काकूंकडे पाहिलं.