ओल्या गोधडीची शिक्षा मुलाला कशाला?

चाळीच्या गॅलरीत सकाळी ओली गोधडी वाळत पडली, की कुणाच्या पोराने रात्री अंथरूण भिजवले हे साऱ्या मजल्याला कळते. भावंडे चिडवतात, शेजारीण हसते, बाप ओरडतो, कधी हातही उगारतो. सात-आठ वर्षांचे ते लेकरू मान खाली घालून शाळेत जाते. आई बिचारी अंगारा लावते, कुणी सांगितले तर ताईतही बांधते. डॉक्टरकडे मात्र जात नाही, कारण लघवीच्या जागेविषयी बोलायचे कसे, ही लाज. या लाजेची किंमत कधी कधी मुलाच्या मूत्रपिंडाला मोजावी लागते, म्हणून या विषयावर आज मोकळेपणी बोलायचे आम्ही ठरवले आहे.

आधी अंथरूण भिजवण्याविषयी. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुले झोपेत लघवी करतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची सवय वय वाढते तशी आपोआप जाते. दर वर्षी शंभरातली पंधराएक मुले काही न करताच कोरडी होतात. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हाच त्रास असेल तर मुलाला तो होण्याचा संभव बराच वाढतो आणि दोघांनाही असेल तर त्याहून जास्त. म्हणजे पोरावर हात उगारणाऱ्या बापाने आधी आपल्या आईला एकदा विचारून पाहावे!

असे का होते? काही मुलांची झोप इतकी गाढ असते, की मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूला जागे करू शकत नाही. काहींच्या शरीरात रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून जे संप्रेरक स्रवते, ते पुरेसे स्रवत नाही. आणखी एका कारणाकडे आपल्या घरात कुणाचे लक्ष जात नाही, ते म्हणजे बद्धकोष्ठ. आतड्यात साचलेला घट्ट मळ मूत्राशयावर दाब देतो. पोट साफ होऊ लागले की लघवीची तक्रार निम्मी कमी झालेली अनेकदा दिसते. यातले एकही कारण मुलाच्या हातातले नाही. मारल्याने ते घाबरते आणि घाबरलेल्या मुलाचा त्रास वाढतो.

मग करायचे काय? दिवसभर पाणी भरपूर द्या, पण संध्याकाळनंतर कमी द्या. रात्रीचा चहा बंद करा. आपल्याकडे लहान मुलांनाही कपभर चहा देण्याची पद्धत आहे, ती या मुलांच्या मुळावर येते. झोपण्यापूर्वी लघवीला पाठवा. मोरी किंवा संडास लांब असेल आणि अंधार असेल तर सोबत जा. पुष्कळ मुले भीतीपोटी उठतच नाहीत. वहीत तारखेपुढे ‘कोरडे’ किंवा ‘ओले’ एवढे लिहून ठेवा. ओले झाले तर गोधडी बदलायला मुलाला हाताशी घ्या, पण शिक्षा म्हणून नव्हे. पाच वर्षांनंतरही सुधारणा दिसत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. ओल लागताच वाजणारी घंटा आणि गोळ्या असे दोन्ही उपाय आहेत. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी आणि ती दिल्यावर रात्री पाणी पिण्याबाबत ते जे बंधन सांगतील ते काटेकोर पाळावे, नाहीतर रक्तातले मीठ कमी होऊन धोका होऊ शकतो.

सहा महिने, वर्षभर कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा ओले करू लागले तर मात्र थांबू नका. त्याला सारखी तहान लागत असेल, वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. लहान मुलांनाही मधुमेह होतो. दिवसाही चड्डी ओली राहत असेल, चालताना पाय लटपटत असतील किंवा कंबरेखाली मणक्यावर केसांचा झुपका, खळगा वा गाठ दिसत असेल, तर मज्जातंतूंचा दोष असू शकतो.

दुसरी गोष्ट लघवीच्या जंतुसंसर्गाची, आणि ही फार फसवी आहे. मोठे मूल सांगते, ‘आई, लघवीला जळजळते.’ तान्हे बाळ काय सांगणार? त्याला फक्त ताप येतो, ते दूध ओढत नाही, ओकते, किरकिरते. आपण त्याला दात येताहेत असे म्हणतो, कोपऱ्यावरच्या दुकानातून तापाचे औषध आणतो. दोन वर्षांखालच्या बाळाला कारण न कळणारा ताप असेल तर लघवी तपासलीच पाहिजे. पुन्हा पुन्हा होणारा आणि उपचारावाचून राहिलेला संसर्ग मूत्रपिंडावर व्रण ठेवून जातो. पुढे त्याच मुलाला रक्तदाब जडू शकतो, मूत्रपिंड निकामीही होऊ शकते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवा. लघवीचा नमुना जंतुनाशक औषध सुरू करण्याच्या आधी द्यायचा. जागा साध्या पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत घ्यायची आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायची. ‘कल्चर’चा अहवाल यायला दोनएक दिवस लागतात. कोणते जंतू आहेत आणि कोणते औषध लागू पडेल, हे त्यातूनच कळते. ताप उतरला म्हणून औषध अर्ध्यावर सोडू नका. तान्ह्या बाळाला संसर्ग झाला किंवा मोठ्या मुलाला तो पुन्हा झाला, तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतात. ती खर्चाची वाटली तरी टाळू नये.

मुलींच्या बाबतीत शाळेचा प्रश्न येतो. संडास घाण, दाराला कडी नाही, पाणी नाही; म्हणून मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही आणि घरी येईपर्यंत लघवी दाबून धरते. संसर्गाला याहून चांगले आमंत्रण कोणते? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असणे बंधनकारक केले आहे. पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर हेही विचारा. मुलीला पुढून मागे धुण्याची सवय घरी लावा.

मुलग्यांविषयी थोडे. लहानपणी पुढची कातडी मागे जात नाही, हे स्वाभाविक आहे. तेल लावून ती ओढू नका. चिरा पडून ती खरोखरच चिकटते. लघवी करताना फुगा येऊन त्रास होत असेल तर बहुधा मलमाने काम भागते. अंघोळ घालताना दोन्ही गोळ्या पिशवीत आहेत का, हे पाहावे. सहा महिन्यांपर्यंत एखादी खाली उतरली नाही तर शल्यचिकित्सकाला दाखवा. शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाच्या आत झालेली बरी. ‘मोठा झाल्यावर बघू’ म्हटले तर पुढे अपत्यप्राप्तीला अडचण येते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. लघवीचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल तर सुंता करू नये, कारण तीच कातडी दुरुस्तीला लागते. मुलग्याची धार नेहमीच थेंब थेंब, जोर लावून येत असेल तर मार्गात जन्मजात पडदा असू शकतो. हे उशिरा कळले तर दोन्ही मूत्रपिंडे जातात.

आणि एक तातडीची गोष्ट. मुलाच्या एका गोळीत एकाएकी भयंकर दुखू लागले, ओकारी झाली, तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नका. गोळी पिळली गेल्यास साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. वयात येणारी मुले लाजेने सांगत नाहीत, म्हणून आधीच सांगून ठेवा.

मुंबईत परळचे वाडिया हे मुलांचे रुग्णालय आहे; के.ई.एम., शीव आणि जे. जे. येथेही बालशस्त्रक्रिया विभाग आहेत. गावाकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाडी आणि शाळांमधून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. ती येतील त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शस्त्रक्रिया लागली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा माणूस रुग्णालयातच बसलेला असतो, त्याला आधी भेटा. जाताना शिधापत्रिका, मुलाचे आधार कार्ड, जुने सगळे कागद आणि ती ‘कोरडे-ओले’ लिहिलेली वही बरोबर न्या.