युरियाच्या पोत्यातला गॅस



आसेगावचे शिवार घ्या की वाशीम जिल्ह्यातले दुसरे कुठलेही गाव, मृग लागला की कृषी केंद्रापुढे गर्दी होते ती युरियासाठी. पोते मिळाले की कास्तकार निर्धास्त होतो. पण हे पोते कशापासून तयार होते, याचा विचार आपण सहसा करत नाही. शेण, पाला, माती यांचा त्यात काही संबंध नाही. युरिया तयार होतो जमिनीखालून व समुद्राखालून काढलेल्या नैसर्गिक वायूपासून. त्या वायूची आच देऊन व त्यातलाच हायड्रोजन घेऊन हवेतला नत्र बांधायचा आणि त्याचे पांढरे दाणे करायचे, असा हा कारखाना. आपल्या राज्यात अलिबागजवळ थळ येथे असा मोठा कारखाना १९८५ सालापासून चालू आहे.

आता हिशेब बघा. एक टन युरिया करायला जेवढी उष्णता खर्ची पडते, तिच्यावरून ४५ किलोच्या एका पोत्याचा वाटा काढला, तर तो स्वयंपाकाच्या साधारण दीड सिलिंडरइतका भरतो. म्हणजे आपण वावरात एक पोते फेकले की दीड सिलिंडर गॅस मातीत घातला, असे समजायला हरकत नाही. ट्रॅक्टर व इंजिनाचे डिझेल यात धरलेले नाही.

देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळजवळ निम्मा बाहेरून आणावा लागतो. कच्च्या तेलाचे तर शंभरातले ८५ हून अधिक भाग बाहेरचे. १९७३ साली अरब देशांनी तेल अडवले, काही महिन्यांत भाव चौपट झाला आणि इकडे खताची टंचाई पडली, हे जुन्या कास्तकारांना आठवत असेल. २०२२ साली युक्रेनमध्ये लढाई पेटली तेव्हाही जगात खताचे भाव भडकले. आपल्याला पोते २६६ रुपये ५० पैशांतच मिळाले, कारण वरचा बोजा सरकारी तिजोरीने उचलला. भाव आपल्या हातात नाही, लढाई नाही, बोटही नाही. आपल्या हातात आहे ते पोते किती वापरायचे एवढेच.

आणि गंमत अशी की आपल्या भागातली मुख्य पिके, सोयाबीन, तूर, हरभरा, ही तिन्ही हवेतला नत्र स्वतःच बांधणारी आहेत. थळचा कारखाना जे काम वायू जाळून करतो, तेच काम या पिकांच्या मुळांवरच्या गाठी फुकट करतात. गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देते, ते झाडाला नत्र देतात. असे असताना उभ्या सोयाबीनला मूठ मूठ युरिया फेकणे म्हणजे घरची विहीर भरलेली असताना टँकर बोलावणे होय. शिवाय आयता नत्र मिळाला की झाड गाठी कमी धरते, नुसते माजते, लोळते आणि शेंगा कमी लागतात.

“पण पीक पिवळे पडते हो, मग काय करावे?” असा प्रश्न नेहमी येतो. काळ्या भारी जमिनीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, झाडाला लोह उचलता येत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडतात. तिथे युरिया कामाचा नाही. चर काढून पाणी बाहेर काढावे, वाफसा आला की डवरणी करावी.

सुरुवातीला, गाठी तयार होईपर्यंत, थोडा नत्र लागतो हे खरे. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो म्हणजे एकरी १२ किलो नत्राची शिफारस आहे. पेरताना एकरी एक पोते डीएपी दिले तर त्यातूनच ९ किलो नत्र जातो. उरलेल्या ३ किलोंसाठी शेणखत आहे. मग युरियाचे वेगळे पोते कशाला?

मात्र गाठी आपोआप भरपूर येतील या भरवशावर राहू नये. बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळावे. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट. एकरी ३० किलो बियाणे असेल तर तीन पाकिटे झाली. सोयाबीनचे जिवाणू वेगळे, तुरीचे वेगळे, हरभऱ्याचे वेगळे. दुकानदाराने हातात दिले ते पाकीट न बघता आणू नये. पिकाचे नाव व शेवटची तारीख वाचावी. गुळाचे पाणी उकळून पूर्ण थंड करावे, त्यात संवर्धक कालवावे आणि बियाण्यावर शिंपडून हलक्या हाताने फिरवावे. सोयाबीनचे साल फार पातळ, खसाखसा चोळले की उगवण गेलीच. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावून बियाणे सुकवावे, जिवाणू सर्वांत शेवटी. नंतर सावलीत वाळवून त्याच दिवशी पेरावे. उन्हात टाकलेले बियाणे आणि उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेले पाकीट, दोन्हींत जिवाणू मरतात. “लावून पाहिले, फरक पडला नाही” असे म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे असेच झालेले असते.

पीक चाळीस-पंचेचाळीस दिवसांचे झाले की चार ठिकाणची झाडे मातीसकट अलगद काढावीत. उपटू नयेत, नाहीतर गाठी जमिनीतच राहतात. गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर तुमचा कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर बंद आहे असे समजावे.

गहू आणि पऱ्हाटीचे तसे नाही. त्यांना नत्र बाहेरून द्यावाच लागतो. तिथे युरिया एकदम बंद करा असे कोणी सांगितले तर ऐकू नका, उत्पन्न घटेल. पण तोही एकदम न फेकता हप्त्याहप्त्याने, ओल असताना आणि मातीआड करून द्यावा. कोरड्या जमिनीवर उघडा पडलेला युरिया हवेत उडून जातो, म्हणजे घातलेला गॅस परत हवेतच गेला.

दुसरी गोष्ट गोठ्याची. उकिरड्यावर उघडे पडलेले शेणही उन्हाने, पावसाने नत्र गमावते. तेच शेण गोबरगॅसमध्ये घातले तर आधी चूल पेटते आणि मग खत मिळते. गोबरगॅस आपल्याला नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून दिवे लावले होते. १९८४ साली निघालेला दीनबंधू नमुना जमिनीखाली पक्क्या विटांचा बांधतात. त्याला लोखंडी टाकी लागत नाही, म्हणून गंजण्याचे भय नाही.

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण व तेवढेच पाणी लागते, म्हणजे गोठ्यात चार-पाच मोठी जनावरे हवीत. पुरेसे शेण पडले तर महिन्याला जवळजवळ पावणेदोन सिलिंडरचे काम होते, हिवाळ्यात कमी. बाहेर पडणारी मळी झाकलेल्या खड्ड्यात धरावी, काडीकचऱ्यावर ओतून कंपोस्ट करावे आणि पेरणीआधी वखराच्या पाळीने मिसळावे. तुराट्या-पऱ्हाट्या चुलीतून वाचल्या तर त्याही बारीक करून खतात जातात. घरच्या बाईचे डोळे धुरातून सुटतात, ही बाब हिशेबात मांडता येत नाही पण मोठी आहे.

मात्र ज्यांच्याकडे एक गाय नि एक म्हैस आहे, आणि उन्हाळ्यात प्यायचे पाणीच डोक्यावरून आणावे लागते, त्यांनी अनुदान आहे म्हणून संयंत्र बांधू नये. गावोगाव बंद पडलेले खड्डे दिसतात ते याचमुळे. रोज भरण पाहिजे. नळीत पाणी साचले तरी ज्योत फडफडते व विझते, तेवढ्यावरून काही जणांनी संयंत्र सोडून दिले. नळीच्या सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची तोटी ठेवली की झाले.

डिझेलबद्दल थोडेच सांगतो. दरवर्षी खोल नांगरटीची गरज नाही, तीन वर्षांतून एकदा पुरते. मधल्या वर्षी वखराच्या पाळ्या द्याव्यात. इंजिनावर पाणी उपसत असाल तर फूटव्हॉल्व्ह तपासा. अरुंद, गंजलेला फूटव्हॉल्व्ह आणि जागोजाग वळवलेला पाइप असला की इंजिन निम्मा जोर त्यांच्याशीच झगडण्यात घालवते. पाइपाचे तोंड डोक्याएवढे उंच धरून धार पाडण्याची हौसही सोडावी. जेवढे पाणी उगीच उंच चढवले, तेवढे डिझेल जास्त.

विजेच्या मोटारीवाल्यांनीही आपण सुटलो असे मानू नये. वीजही बरीचशी दगडी कोळशाचीच. जवळच अकोला जिल्ह्यात पारसला कोळशावर वीज तयार होते. सौर पंपासाठी राज्यात २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू झाली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा ५ टक्के ठेवला. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात असे प्रमाण होते. रात्रीच्या विजेसाठी सापा-विंचवातून जाणे टळते हा मोठा फायदा. ढगाळ दिवशी पाणी कमी येणार, हे धरूनच ओलिताची पाळी लावावी, आणि पाट्यांवरची धूळ सकाळी पाण्याने पुसून काढावी.

जिवाणू संवर्धकांसाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात पेरणीच्या पुरेसे आधी चौकशी करावी. गोबरगॅसचे चालू अनुदान पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारावे. जागा घराजवळ, उन्हाची आणि पिण्याच्या विहिरीपासून दूर असावी. खड्डा पावसाळ्यापूर्वीच खणून बांधून घ्यावा. काळ्या जमिनीत एकदा पाणी भरले की काम दिवाळीपर्यंत लांबते.