जलवायुवैज्ञानिक नोंदींचे अंकीय जतन

तापमान, पर्जन्य, वातावरणीय दाब, सागरपृष्ठाचे तापमान, हिमाच्छादन इत्यादींच्या दीर्घकालीन नोंदी संगणकास वाचता येतील अशा अंकीय रूपात साठविणे, तो साठा पुढील पिढ्यांना वाचता व समजता येईल अशा स्थितीत ठेवणे आणि त्या नोंदींवरून निष्कर्ष काढणारे संगणकीय कार्यक्रमही राखून ठेवणे, या कार्यास ही संज्ञा लावतात. कागदाची नोंदवही वाळवी, ओल व आग यांपासून वाचविली, तर शंभर वर्षांनंतरही ती उघडून वाचता येते. अंकीय नोंद मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती वाचण्यासाठी चुंबकीय फीत किंवा तबकडी शाबूत असावी लागते, ती फिरविणारे यंत्र चालू स्थितीत असावे लागते, यंत्रातून येणाऱ्या शून्य व एक यांच्या मालिकेचा अर्थ लावणारा कार्यक्रम उपलब्ध असावा लागतो आणि हाती आलेली संख्या कशाची, कोठली व कोणत्या उपकरणाने घेतलेली, हे सांगणारी माहितीही असावी लागते. यांपैकी एक दुवा तुटला तरी उरलेले निरुपयोगी ठरतात. माध्यम शाबूत असूनही नोंद वाचता न आल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

जतनाचा प्रश्न सर्वच शास्त्रांना आहे. परंतु जलवायुविज्ञानात तो विशेष बिकट होतो. रसायनशास्त्रातील प्रयोग फसला, तर तो पुन्हा करता येतो; १८७७ सालच्या जुलै महिन्यात पडलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही. शिवाय जो बदल शोधावयाचा असतो, तो आकाराने लहान असतो. आंतरशासकीय जलवायु-बदल मंडळाच्या (आयपीसीसीच्या) २०२१ मधील अहवालानुसार २०११–२० या दशकातील जागतिक पृष्ठतापमान १८५०–१९०० या काळाच्या सरासरीहून १.०९° से. ने अधिक होते. दीडशे वर्षांतील बदल एवढाच असल्यामुळे ०.२° किंवा ०.३° से. ची पद्धतशीर चूक नोंदींत शिरली, तर एखाद्या दशकात पृथ्वी तापली की निवली, याचा निर्णयच फिरतो.

नोंद व तिची पार्श्वभूमी : मुंबईतील कुलाबा येथील वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली व तेथे १८४१ पासून भूचुंबकीय आणि वातावरणवैज्ञानिक वेध नियमित घेण्यात येऊ लागले. सप्टेंबर १८५९ मधील तीव्र भूचुंबकीय वादळाच्या वेळी तेथे टिपलेले वेध २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, पुन्हा अभ्यासण्यात आले आणि त्या वेळी भूचुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकात सु. १,६०० नॅनोटेस्ला इतकी घट झाल्याचे त्यांवरून दिसून आले. हे शक्य झाले ते आकडे टिकल्यामुळे तर खरेच. पण उपकरणे व वेध घेण्याची रीत यांचे वर्णनही टिकल्यामुळे. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांमुळे वेधांत व्यत्यय येईल म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलविण्याचे ठरले, तेव्हा १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी समांतर वेध घेण्यात आले. त्यामुळे दोन ठिकाणांतील फरक ठरविता येऊन जुनी व नवी मालिका एकमेकींस जोडता आली. अशी दूरदृष्टी सर्वत्र दाखविली गेली असती, तर आजच्या अभ्यासकांचे निम्मे श्रम वाचले असते.

स्थानाला केवढे महत्त्व असते, हे मुंबईच्याच दुसऱ्या उदाहरणावरून कळते. २६ जुलै २००५ रोजी संपलेल्या नव्हे, तर त्या दिवशी सकाळी साडेआठनंतरच्या २४ तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला, तर कुलाबा येथे सु. ७३ मिमी. दोन्ही आकडे खरे आहेत. परंतु ‘मुंबईचा पाऊस’ एवढाच मथळा असलेल्या एखाद्या अंकीय तक्त्यात यांपैकी कोणता आकडा आहे हे लिहिलेले नसेल, तर तो तक्ता नसल्यापेक्षाही घातक होय. अशा स्पष्टीकरणात्मक माहितीला ‘अधिसामग्री’ (मेटाडेटा) म्हणतात.

अंकीकरणातील चुका : कागदावरील नोंदी यंत्रात भरण्यास विसाव्या शतकात छिद्रित पत्रांपासून (पंच कार्डांपासून) आरंभ झाला. प्रचलित पत्रावर ८० स्तंभ असत. त्यांत बसेल तेवढेच लिहावे लागे. जपानी जहाजांवरून घेतलेल्या सागरपृष्ठ-तापमानांच्या एका मोठ्या संग्रहाचे अंकीकरण करताना अंशाचा दशांश गाळण्यात आला व पूर्णांक तेवढा ठेवला गेला. ही गोष्ट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उघडकीस आली. १७.९° चे १७° झाले आणि १७.१° चेही १७° च झाले. दशांशस्थानी ० ते ९ हे अंक सारख्या प्रमाणात येतात असे धरले, तर या एका कृतीने सर्व तापमाने सरासरीने ०.४५° से. ने खाली येतात, हे कोणासही हिशेब करून पाहता येईल. परिणामी वायव्य पॅसिफिकचा काही भाग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वस्तुतः होता त्याहून थंड भासत राहिला. छिद्रे पाडणाऱ्याने आपल्या परीने आकडे जपलेच होते; काय गाळले, ते मात्र नोंदले नव्हते.

दुसरे उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. जहाजावरून समुद्राचे तापमान मोजण्याची जुनी रीत म्हणजे दोरीने बादली सोडून पाणी वर घेणे व त्यात तापमापक बुडविणे. कॅनव्हासच्या बादलीतील पाणी बाष्पीभवनाने थोडे निवते. नंतर एंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान मोजण्याची रीत आली. तेथे पाणी थोडे तापलेले असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उपलब्ध वेधांत अमेरिकी जहाजांचा भरणा होता व त्यांच्यात एंजिनाची रीत रूढ होती. युद्ध संपताच बादली वापरणाऱ्या ब्रिटिश जहाजांचे प्रमाण एकदम वाढले. यामुळे १९४५ च्या ऑगस्टनंतर जागतिक तापमानाच्या आलेखात सु. ०.३° से. ची अचानक घट दिसते. तिचे कारण २००८ साली दाखविण्यात आले. तेही प्रत्येक वेधासोबत जहाजाचा देश नोंदलेला होता म्हणून. देशाचा तो रकाना जागा वाचविण्यासाठी कोणी पुसून टाकला असता, तर समुद्र खरोखरच निवला असे मानण्यावाचून गत्यंतर नव्हते.

माध्यम व यंत्र यांचे आयुष्य : अंकीय साठा किती अल्पायुषी असू शकतो, याचा दाखला म्हणून इंग्लंडमधील ‘डूम्सडे’ प्रकल्पाचा नेहमी उल्लेख होतो. १०८६ साली तयार झालेल्या डूम्सडे बुक या जमीनमोजणीच्या ग्रंथाला नऊशे वर्षे झाली, त्या निमित्ताने बीबीसीने १९८४–८६ या काळात दहा लाखांहून अधिक लोकांच्या साहाय्याने देशाचे नवे सर्वेक्षण करून ते लेसर तबकड्यांवर साठविले. पंधरा वर्षांच्या आत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. २००२ मध्ये जुन्या संगणकाची नक्कल करणारा कार्यक्रम लिहूनच त्या उघडाव्या लागल्या. मूळ ग्रंथ मात्र अद्याप वाचता येतो.

हिमाच्छादनाच्या अभ्यासात याच प्रकारची घटना घडली, पण तिचा शेवट अधिक सुखद झाला. अमेरिकेचा निंबस-१ हा उपग्रह २८ ऑगस्ट १९६४ रोजी सोडण्यात आला व महिनाभराच्या आतच तो निकामी झाला. ध्रुवीय सागरी हिमाच्या सलग उपग्रहीय नोंदी १९७८ मधील निंबस-७ पासून सुरू होतात, असे दीर्घकाळ धरले जाई. कारण निंबस-१ ची छायाचित्रे डब्यांतील फिल्मच्या गुंडाळ्यांत पडून होती व त्यांतील प्रत्येक चित्र पृथ्वीवरील कोणत्या भागाचे, हे ठरविणे अतिशय कष्टाचे होते. कोलोरॅडोतील बोल्डर येथील राष्ट्रीय हिम व बर्फ आधारसामग्री केंद्रातील संशोधकांनी ती अंकीय रूपात आणली. त्यांवरून सप्टेंबर १९६४ मध्ये अंटार्क्टिकाभोवतालच्या सागरी हिमाचा विस्तार सु. १ कोटी ९७ लाख चौ. किमी. असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका महिन्याच्या या वेधांनी तुलनेचा काळ चौदा वर्षे मागे नेला.

पद्धती : जतनाच्या दोन प्रमुख रीती असून त्यांविषयी तज्ञांत मतभेद आहेत. पहिलीत सामग्री दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर व नव्या स्वरूपात उतरवून घेतात. हिला स्थानांतरण म्हणतात. दुसरीत सामग्रीला व मूळ कार्यक्रमाला हात न लावता, जुन्या संगणकासारखे वर्तन करणारा कार्यक्रम नव्या संगणकावर चालवितात. ही अनुकरणाची रीत होय. अमेरिकी संगणकतज्ञ जेफ रॉथेनबर्ग यांनी १९९५ पासून दुसऱ्या रीतीचा आग्रहाने पुरस्कार केला. प्रत्येक स्थानांतरणात काही ना काही गळते, हा त्यांचा आक्षेप जपानी नोंदींचे उदाहरण पाहता निराधार म्हणता येत नाही. उलटपक्षी, अनुकरण करणारा कार्यक्रमही कालांतराने जुना होतो व त्याचेही अनुकरण करावे लागते. आकड्यांचे साधे तक्ते साध्या मजकुराच्या रूपात स्थानांतरित करणे व गुंतागुंतीच्या कार्यक्रमांसाठी अनुकरण वापरणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. कोणतीही रीत घेतली, तरी एकाहून अधिक प्रती परस्परांपासून दूर ठेवणे व पडताळा-संख्या काढून प्रत्येक प्रत मूळाबरहुकूम असल्याची वेळोवेळी खात्री करणे आवश्यक असते. अंतराळ-सामग्री हाताळणाऱ्या संस्थांच्या सल्लागार समितीने तयार केलेला अभिलेखागाराचा एक आदर्श नमुना २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ १४७२१) म्हणून स्वीकृत झाला. आकडा व त्याचा अर्थ सांगणारी माहिती एकाच गठ्ठ्यात ठेवावी, हे त्याचे मुख्य सूत्र आहे.

कार्यक्रमांचे जतन : निष्कर्ष हा नोंदींइतकाच कार्यक्रमावर अवलंबून असतो. शिवाय कार्यक्रमाचा मूळ पाठ टिकला, तरी नव्या संगणकावर त्याचे उत्तर तंतोतंत तेच येईल असे नाही. एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६१ मध्ये हवामानाचे एक गणित मध्यापासून पुन्हा चालविताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढीच संख्या भरली व काही काळाने दोन्ही उत्तरांत काहीच साम्य उरले नाही. जलवायूच्या प्रतिकृतींत यंत्र वा भाषांतरक कार्यक्रम बदलला की, शेवटच्या दशांशातील अशाच फरकामुळे अमुक दिवसाचे हवामान वेगळे येते. तीस वर्षांची सरासरी मात्र सहसा बदलत नाही. म्हणून पुनरावृत्ती साधली की नाही, हे येथे अंक जुळवून नव्हे, तर सांख्यिकीय गुणधर्म जुळवून पाहावे लागते. टीकाकारांना हा फरक नेहमीच पटतो असे नाही.

कार्यक्रमांविषयीचा वाद २००७ नंतर तीव्र झाला. नासाच्या गॉडर्ड संस्थेच्या तापमान-मालिकेत २००० नंतरच्या अमेरिकी आकड्यांत सु. ०.१५° से. ची चूक असल्याचे कॅनडातील स्टीव्ह मॅकिन्टायर यांनी त्या वर्षी दाखवून दिले. ती दुरुस्त झाली व जागतिक सरासरीवर तिचा परिणाम नगण्य ठरला. त्याच वर्षी संस्थेने कार्यक्रमाचा मूळ पाठ खुला केला. तो मुख्यतः फोर्ट्रान भाषेतील, अनेक वर्षांत थरावर थर चढलेला होता. काही ब्रिटिश कार्यक्रमकारांनी २००८ पासून तो पायथन भाषेत सुबोध रीतीने नव्याने लिहिला. त्यांना काही किरकोळ चुका आढळल्या, परंतु निष्कर्ष बदलला नाही.

ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या जलवायु संशोधन विभागातील पत्रव्यवहार नोव्हेंबर २००९ मध्ये परस्पर उघड झाला, तेव्हा जतनाचा प्रश्न सार्वजनिक वादाचा विषय बनला. साठवणुकीची जागा अपुरी असल्यामुळे १९८० नंतरच्या दशकात काही केंद्रांच्या मूळ नोंदी न ठेवता दुरुस्त केलेल्या मालिकाच ठेवल्या, असे विभागाने म्हटले होते. मूळ नोंदी त्या त्या देशांच्या खात्यांकडे होत्या, तरीही या विधानाने संशयाला जागा मिळाली. २०१० मधील म्यूर रसेल समितीने शास्त्रज्ञांच्या सचोटीवर विश्वास व्यक्त केला, मात्र पुरेसा खुलेपणा दाखविला गेला नाही असा ठपका ठेवला. समितीने सार्वजनिक सामग्री घेऊन स्वतःच कार्यक्रम लिहून पाहिला. त्यास दोन दिवसही लागले नाहीत व आलेख जुळला. २०११ मध्ये विभागाने जवळजवळ सर्व केंद्रांची सामग्री खुली केली. आधीच केली असती, तर समितीची गरज कदाचित पडली नसती. कार्यक्रमांचे मूळ पाठ सार्वत्रिक रीत्या जपण्यासाठी फ्रान्समध्ये २०१६ साली ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा संग्रह सुरू झाला.

सद्यःस्थिती : कागदावरील नोंदी अंकीय रूपात आणण्याचे काम अजून फार मोठे आहे. ब्रिटनमध्ये २०२० च्या टाळेबंदीत सु. १६,००० स्वयंसेवकांनी सु. ६६,००० पत्रकांवरील ५० लाखांहून अधिक पर्जन्यनोंदी घरबसल्या उतरवून काढल्या. भारतीय वातावरणविज्ञान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली असून देशातील नोंदींचे मुख्य भांडार पुणे येथील राष्ट्रीय सामग्री केंद्रात आहे. ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून तेथे १९०१ पासूनची दैनिक पर्जन्याची चौकटवार (०.२५° अक्षांश-रेखांशाची) मालिका तयार करण्यात आली व ती अभ्यासकांस विनामूल्य उपलब्ध आहे. मात्र अशा मालिकेवरून मूळ केंद्रांचे आकडे परत मिळविता येत नाहीत. मालिका कितीही सोयीची असली, तरी नोंदवह्या व त्यांच्या प्रतिमा जपण्याचे काम त्यामुळे संपत नाही.

भांडारांनाही धोके आहेत. अमेरिकेचे राष्ट्रीय पर्यावरण-सामग्री केंद्र ज्या ॲशव्हिल शहरात आहे, ते सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्री वादळाच्या पुराने वेढले गेले. साठा सुरक्षित राहिला, पण वीज, पाणी व जाळेजोडणी तुटल्याने सेवा काही काळ बंद पडली. २०२५ मध्ये त्याच देशात राष्ट्रीय जलवायु-मूल्यमापनाचे अहवाल असलेले शासकीय संकेतस्थळ बंद करण्यात आले, तसेच अब्जावधी डॉलरांची हानी करणाऱ्या आपत्तींची सूची अद्ययावत करणे शासनाने थांबविले. असे घडू शकते या शंकेने विद्यापीठे व ग्रंथालये यांतील स्वयंसेवक २०१६ च्या अखेरीपासूनच शासकीय सामग्रीच्या प्रती काढून इतरत्र ठेवू लागले होते.