डिस्क म्हणते, जागा शून्य!

मैत्रिणींनो, गेल्या गणपतीतली गोष्ट. शाळेतून घरी आले तर हे कॉम्प्युटरसमोर कपाळाला हात लावून बसलेले. मामंजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो आणि त्यांच्या आवाजातल्या लहानपणच्या आठवणी आम्ही बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर ठेवल्या होत्या. मामंजी आता नाहीत. आणि डिस्कचं नाव पडद्यावर येत होतं, पण क्षमतेच्या जागी चक्क शून्य!

सगळं पुसलं गेलं, असंच मला वाटलं. पण शून्य दिसलं म्हणजे पुसलं गेलं, असं नसतं हं.

त्या डबीत गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरतात आणि त्यांच्या अगदी जवळून, पण न टेकता, वाचणारी टोकं सरकतात. आपले फोटो तिथेच असतात. शिवाय डिस्कने काम कसं करायचं, याच्या बऱ्याचशा सूचनाही त्याच तबकड्यांच्या एका राखीव भागात लिहिलेल्या असतात. त्या वाचता आल्या, तरच ती आपली क्षमता सांगते. म्हणजे कोठीतल्या धान्याची वही कोठीतच आणि किल्ली हरवलेली! दारावरची पाटी वाचून नाव सांगता येतं, आत पोती किती ते कोण सांगणार?

तेव्हा आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. केबल बदलावी, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहावं. मोठ्या डिस्कला वेगळा अ‍ॅडॅप्टर असतो. तो बिघडला तर कधीकधी नाव दिसतं, पण तबकड्या मात्र फिरतच नाहीत. मग कान लावावा. काहीच आवाज नसेल तर बहुधा विजेचा किंवा सर्किटचा दोष. टक्‌-टक्‌ असा ठोका येत असेल तर बहुधा टोकांचं दुखणं. नीट फिरूनही शून्यच, तर जोडणीचं सर्किट किंवा आतल्या सूचना बिघडलेल्या. सीगेटच्या बॅराकुडा 7200.11 जातीच्या काही डिस्क 2008-09 च्या सुमारास अशाच सूचनांमधल्या चुकीमुळे शून्य दाखवू लागल्या होत्या, त्यांवरचे फोटो जागच्या जागी असूनही!

आमची मेली टक्‌-टक्‌ करत होती. तेव्हाच बंद करायला हवी होती. पण "आता लागेल, मग लागेल" म्हणत दोन दिवस आम्ही ती पुन्हा पुन्हा चालू केली. बिघडलेली टोकं तबकडीला घासली, की तिथलं लिखाण कायमचं जातं, हे नंतर कळलं. भावजींनी तर फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं. (हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईलच!) आत दव धरतं, ऐकू नका. डबीही उघडू नका. धुळीचा एक कण पुरतो. आणि पडद्यावर "फॉरमॅट करू का?" असं विचारलं, तर नाही म्हणा.

शेवटी माहिती परत काढून देणाऱ्यांकडे डिस्क पाठवली. धूळ नसलेल्या खोलीत त्यांनी टोकं बदलली. माझ्या दीड महिन्याच्या पगाराइतकं बिल झालं. फोटो बहुतेक सगळे आले. आवाजाच्या सात फायलींपैकी दोनच आल्या. एकीत मामंजी विहिरीवर पोहायला शिकल्याचं सांगताहेत. ती आता नणंदेच्या घरीही आहे, आमच्याकडेही दोन ठिकाणी आहे.