विरंगुळा केंद्रात आणखी एक खोली

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेशातली तरुण मुलं टेल्कोच्या, बजाजच्या गेटवर येत राहिली. आधी कुणाकडे तरी कॉट बेसिसवर, मग चाळीत आणि शेवटी एखाद्या गुंठ्यात बांधलेल्या स्वतःच्या घरात ती स्थिरावली. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. तिच्यातल्या काहींना डिमेन्शियानं गाठलंय. भाऊबंद गावाकडेच राहिले. इथे मुलगा चाकणला फिरत्या पाळीत, सून नोकरीवर, नातवंडं क्लासला. उरते ती बायको. तिचंही वय झालेलं, तिचेही गुडघे गेलेले.

देशभरातल्या ज्येष्ठांच्या लासी-डॅड या पाहणीचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. तितक्याच घरांत कुणीतरी सांभाळणारं आहे, आणि त्या माणसाची गणती सहसा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगभरात या आजारातल्या काळजीचे ७० टक्के तास बायकांच्या वाट्याला येतात. आपल्याकडे हे कुणाला वेगळं सांगायला नको.

या आजारात जुन्या सवयी उशिरापर्यंत टिकतात. ज्यानं तीस वर्षं पाळ्या केल्या तो माणूस रात्री दोनला उठून कंपनीची बस चुकेल म्हणून दाराची कडी काढू लागतो. पोटभर जेवलेले सासरे शेजाऱ्यांना सांगतात, मला जेवायलाच दिलं नाही. पाकीट स्वतःच कुठेतरी ठेवतात आणि चोरीचा आळ सुनेवर येतो. गावाहून पाहुणे आले की तासभर मात्र ते नीट बोलतात, आणि पाहुणे निघताना म्हणतात, ‘चांगले तर आहेत की दादा!’ ज्या बाईनं महिनाभर सलग झोप घेतलेली नाही तिला हे वाक्य सगळ्यात जास्त लागतं. हळूहळू ती कुणाला काही सांगेनाशी होते. लग्नकार्यं सुटतात, हळदीकुंकू सुटतं, स्वतःचं बीपी तपासायचं राहून जातं.

तिला आधार देणं हा निव्वळ माणुसकीचा भाग नाही, तो उपचाराचाच भाग आहे. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी जोडीदाराला सांभाळणाऱ्या ४०६ जणांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या निम्म्यांना समुपदेशनाच्या सहा बैठका दिल्या, त्यांतल्या काही बैठकांत घरच्या इतरांनाही बसवलं, आधारगटाशी जोडून दिलं आणि अडचण आली की फोन करायला माणूस दिला. या घरांमध्ये रुग्णाला शुश्रूषागृहात हलवायची वेळ सुमारे दीड वर्ष उशिरा आली. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अमेरिकेचं सोडा, गोव्याचं बघा. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे घरोघर गेलेले कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी, थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती ती. आजार म्हणजे काय हे त्यांनी समजावलं, रुग्ण चिडला तर काय करायचं ते सांगितलं, ऐकून घेतलं. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. आपल्या वस्त्यांतल्या आशा सेविकांना हे जमणार नाही असं कोण म्हणेल?

स्वमदत गट पुण्याला नवे नाहीत. पार्किन्सन्स मित्रमंडळ कितीतरी वर्षं सभा घेतंय, घरभेटी करतंय. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाशी झुंजलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी तर ‘सा’ ही संस्थाच उभी केली. पण निगडीहून किंवा चाकणहून पुण्यात सभेला जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि तेवढा वेळ घरी रुग्णाजवळ बसणार कोण? गट तिथेच अडतो.

म्हणून तो घराजवळच हवा. पिंपरी-चिंचवडमध्ये ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत. महिन्यातून एकदा तिथल्या दोन खोल्या लागतील. एकीत सांभाळणारे बसतील, दुसरीत रुग्ण आणि त्यांच्यासोबत भजनी मंडळातले दोन-चार जण. देहू-आळंदीच्या या टापूत पेटी वाजवणारा शोधावा लागत नाही, आणि मुलाचं नाव विसरलेली माणसंही लहानपणापासूनचा हरिपाठ पुष्कळदा बरोबर म्हणतात. नेदरलँड्समध्ये बेर मीसन यांनी १९९७ साली लायडनला अल्झायमर कॅफे सुरू केला तोही असाच, रुग्ण आणि घरचे एकत्र येतील असा. बैठकीचा वारही विचारानं ठरवावा. इथल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. रविवारीच बसायचं म्हटलं तर मुलगे येणार नाहीत, आणि ते येणं फार गरजेचं आहे.

पहिल्या दिवशी व्याख्यान नको. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ दाखवावा. त्यात स्मृती हरवलेल्या संस्कृत पंडिताचं काम मोहन आगाशे यांनी केलंय, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. चित्रपट संपल्यावर लोक आपणहून बोलतील. कुणी सांगेल, कडी दाराच्या अगदी वर बसवा, नजरेला पडत नाही. कुणी म्हणेल, रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करा, खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, वाद घालू नका. बी-१२ आणि थायरॉइड तपासलंत का, असं कुणी विचारेल. कारण काही विसराळूपणा उपचारानं सुधारतो. आणि जाणता कुणी बजावेल, की माणसाची समज गेल्यावर त्यानं दिलेलं मुखत्यारपत्र कायद्यानं उरत नाही, तेव्हा मृत्युपत्राची आणि बँकेची कामं सुरुवातीलाच वकिलाला विचारून उरका. चोरीच्या आळाचं ऐकून समोरची बाई ‘आमच्याकडेही अस्संच’ म्हणाली, की बोलणारीच्या मनावरचं अर्धं ओझं उतरतं.

तोवर फोन आहेत. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, आणि सांभाळणाऱ्याचंच मन खचलं असेल तर टेली-मानस १४४१६. दोन्ही मोफत. गट मात्र हेल्पलाइनवरून जमणार नाही. त्यासाठी आपल्याच गल्लीतल्या दोन घरांनी संघाच्या अध्यक्षांकडे जाऊन महिन्यातल्या एका गुरुवारी त्या खोल्यांची किल्ली मागायला हवी.